एवढं मोठं शीड दोघींनी ओढलं कसं? कप्प्यांचं गणित, मुळापासून

२०२५ च्या मे महिन्यात आठवडाभराच्या अंतरानं दोन नौकांच्या बातम्या आल्या. दोन्ही नौका बेळगावहून आपला घाट उतरला की लागणाऱ्या किनाऱ्यावरच्याच. २१ मेला कारवारच्या नौदल तळावर 'कौंडिण्य' नौदलात दाखल झाली. अजिंठ्याच्या एका चित्रावरून घडवलेली, फळ्या काथ्यानं शिवलेली, इंजिन नसलेली ही शिडाची नौका. २९ मेला 'तारिणी' गोव्यात परतली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ला गोवा सोडलं होतं. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाउन इथं थांबत त्यांनी शिडाच्या जोरावर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

तारिणी सुमारे १७ मीटर लांब आहे. तिच्या आधीची तिची जोडीदार 'म्हादेई'. दिवाडी बेटावरच्या एकाच कारखान्यात दोघी बांधल्या गेल्या. म्हादेई हे नाव आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावणाऱ्या नदीचं. आपल्याकडे हे नाव बहुधा पाणीतंट्याच्या बातमीतच वाचायला मिळतं. त्याच नावाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, टॉमींनी तर कुठंही न थांबता, हे खानापूरच्या शाळांमधून मुलांना आवर्जून सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

या बातम्या वाचून पडणारा प्रश्न अगदी साधा आहे. दोघी, किंवा एकटाच माणूस, एवढं मोठं शीड वाऱ्याविरुद्ध ओढतो कसा? "इंजिन लावत असतील की," असं म्हणून बरेच जण तो सोडून देतात. खरं उत्तर आठवी-नववीच्या विज्ञानात बसतं. पण ते आपण परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं आणि त्यातला अर्धा भाग चुकीचा लक्षात राहिलेला असतो. म्हणून मुळापासून बघू.

आधी वारा किती ओढतो ते बघू

शिडाच्या नौकेवर दोर अनेक असतात. त्यातले दोन लक्षात ठेवले तरी पुरे. शीड डोलकाठीवर चढवायचा दोर म्हणजे हॅलियार्ड. चढवलेलं शीड वाऱ्यात आत-बाहेर करायचा दोर म्हणजे शीट. नौका चालू असताना हातात सतत असते ती शीट.

पुढच्या शिडाच्या शीटवर किती ओढा येईल याचा एक अंदाजी हिशेब नौकावाले वापरतात. शिडाचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या. वाऱ्याचा वेग नॉटमध्ये घ्या (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) आणि त्याचा वर्ग करा. या दोन्हींचा गुणाकार करून त्याला ०.०२१ नं गुणा. येणारं उत्तर किलोमध्ये, म्हणजे दोराला तितक्या किलोचं वजन टांगलं तर जेवढा ताण बसेल तेवढा.

४० चौरस मीटरचं, म्हणजे साधारण ४३० चौरस फुटांचं शीड धरू. १० नॉटच्या सुखाच्या वाऱ्यात उत्तर येतं ८४ किलो. वारा २० नॉट झाला की ३३६ किलो. ३० नॉटला शीड तसंच पूर्ण ठेवलं तर ७५६ किलो.

वारा दुप्पट झाला, पण ओढा चौपट झाला. वेगाचा वर्ग येतो तो इथं. म्हणून वारा चढायला लागला की खलाशी आधी शीड आखडतात, दोराचं मग बघतात.

आता माणसाकडे बघा. धडधाकट माणूस बसल्या जागी, पुन्हा पुन्हा, दमून न जाता एका हातानं २०-२५ किलोचा ओढा देऊ शकतो असं धरायला हरकत नाही. पाय रोवून, अंग झोकून याहून बराच जास्त देईल, पण काही क्षणच. म्हणजे एका बाजूला २५ किलो, दुसऱ्या बाजूला ३३६. मधली दरी कप्प्यांनी भरायची असते.

विहिरीवरची कप्पी वजन कमी करत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. वाड्याच्या परसातली विहीर, वर आडव्या तुळईला टांगलेली लोखंडी कप्पी, तिच्यावरून दोर आणि दोराला घागर. घागर भरून १५ किलोची झाली तर दोर किती जोरानं ओढावा लागेल? दहा जणांना विचारलं तर सहा-सात जण तरी "निम्म्या, साडेसात किलोच्या" असं म्हणतील.

उत्तर १५ किलोच आहे. खरं तर जरा जास्तच, कारण कप्पी आसावर घासते.

यावर हटकून येणारा प्रश्न असतो, "अहो, पण कप्पी लावल्यावर हलकं वाटतंय की! मग निम्मं नाही कसं म्हणता?" हलकं वाटतं हे खरंच आहे. कप्पी नसेल तर कठड्यावर वाकून कंबरेच्या आणि दंडाच्या ताकदीवर दोर वर खेचावा लागतो, शिवाय दोर दगडावर घासतो. कप्पी असली की आपण दोर खाली ओढतो आणि त्यात आपल्या अंगाचं वजन मदतीला येतं. ओढ्याची दिशा बदलली, ओढा तेवढाच राहिला. जागची न हलणारी ही कप्पी म्हणजे स्थिर कप्पी.

नौकेवर स्थिर कप्प्या भरपूर असतात. डोलकाठीच्या टोकावर एक कप्पी नसती तर शीड चढवायला माणूसच वर चढवावा लागला असता. दिशा बदलणं हे मोठं काम आहे. फक्त त्याला जोर वाढवणं म्हणू नये.

जोर वाढतो तो हलणाऱ्या कप्पीमुळे

शंभर किलोचं पोतं एकट्यानं उचललं तर शंभर किलो. दोघांनी दोन टोकांना धरलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पन्नास. कप्पीचं सगळं रहस्य एवढंच आहे, फरक इतकाच की इथं दुसऱ्या माणसाच्या जागी खुंटी किंवा तुळई उभी राहते.

दोराचं एक टोक वर तुळईला पक्कं बांधा. दोर खाली आणून एका सुट्या कप्पीतून घ्या आणि पुन्हा वर हातात धरा. भार त्या सुट्या कप्पीला अडकवा. आता भार दोन दोरांवर लोंबतो आहे, एक तुळईकडे गेलेला आणि एक तुमच्या हातात आलेला. दोर एकच, सलग, म्हणून घासणं सोडून दिलं तर त्यातला ताण सगळीकडे सारखा. शंभर किलोचा भार, प्रत्येक दोरात पन्नास. तुळईनं पन्नास उचलले, तुम्ही पन्नास. भाराबरोबर सरकणारी ही कप्पी म्हणजे चल कप्पी.

भार किती आणि त्यासाठी लावावं लागणारं बल किती, यांचं गुणोत्तर म्हणजे यांत्रिक फायदा. पुस्तकातला शब्द आहे, पण इथून पुढं तो फारसा लागणार नाही. आपण नुसतं 'दोनपट', 'चारपट' म्हणू.

कितीपट हे काढायला सूत्र लागत नाही. हलणाऱ्या बाजूकडे जा आणि तिथून निघणारे दोर मोजा. जितके दोर, तितकी पट. मोजताना एकाच ठिकाणी चूक होते, ती म्हणजे हातातल्या दोराची. हातातला दोर थेट हलणाऱ्या कप्पीतून येत असेल तर तो धरायचा. स्थिर कप्पीतून वळून येत असेल तर तो फक्त दिशा बदलून आला आहे, तो सोडायचा.

वरच्या उदाहरणात हातातला दोर पुन्हा एका स्थिर कप्पीवरून खाली घेतला तर कप्प्या दोन झाल्या, पण पट दोनच राहिली. 'कप्प्या किती' यावरून पट ठरवणारे इथं फसतात. दोर मोजा, कप्प्या मोजू नका.

दोराचं मेलेलं टोक, म्हणजे पक्कं बांधलेलं टोक, कुठं आहे तेही बघा. ते स्थिर बाजूला असेल आणि ओढायचा दोर स्थिर कप्पीतून येत असेल तर पट सम येते, दोन, चार, सहा. टोक हलणाऱ्या कप्पीलाच बांधलं असेल तर विषम, तीन किंवा पाच. आणि तीच जोडणी उलटी फिरवली, हलणारी बाजू स्थिर केली, तर त्याच कप्प्या, तोच दोर, पण एक पट जास्त मिळते, कारण हातातला दोर आता मोजणीत येतो. चारपटीची जोडणी पाचपट होते, एक पैसाही जादा न घालता. अर्थात ओढायची दिशाही बदलते, आणि नौकेवर बसायची जागा ठरलेली असल्यानं ती दरवेळी चालेलच असं नाही.

जोडणी किचकट असेल, दोर कुठून कुठं गेला ते कळत नसेल, तर टेप घ्या. हातातला दोर बरोबर एक मीटर ओढा आणि भार किती सरकला ते मोजा. २५ सेंटिमीटर सरकला तर चारपट. दुसरं काही बघायलाच नको.

मग हा जादा जोर येतो कुठून?

कुठूनच येत नाही. चारपट जोडणीत भार एक मीटर उचलायचा तर चारही दोर एकेक मीटरनं आखूड व्हायला हवेत, म्हणजे हातात चार मीटर दोर यायला हवा. बल चौथा हिस्सा, अंतर चौपट. गुणाकार तोच राहतो. काम वाचत नाही, ते फक्त सावकाश करायची मुभा मिळते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये चेन पुलीवर काम केलेल्याला हे हाताला ठाऊक असतं. एक माणूस टनभराचं ओतकाम उचलतो, पण कितीतरी साखळी ओढल्यावर वस्तू वीतभर वर येते. तिथं आत दातेरी चाकं असतात, तरी नियम हाच.

कारखान्यात वेळ असतो. समुद्रावर नेहमी नसतो, आणि नौकेचं गणित कारखान्यापेक्षा वेगळं होतं ते याच कारणानं. वारा मागून असताना नौका वळवली की शीड या बाजूचं त्या बाजूला झपकन जातं. त्याआधी शीटचा बराचसा दोर आत घ्यावा लागतो, तोही काही सेकंदांत. सहापट जोडणीत शीड तीन मीटर आत घ्यायचं म्हणजे १८ मीटर दोर ओढायचा. त्या क्षणी पट जितकी जास्त तितका धोका जास्त.

कागदावर चार, हातात तीन

आतापर्यंत घर्षण सोडून दिलं होतं. आता ते आणू, कारण प्रत्यक्षात निर्णय तेच घेतं.

दोर कप्पीवरून वळताना थोडा ताण खर्च होतो. थोडा आसाच्या घासण्यात आणि थोडा दोर वाकवण्यात. साध्या आसाच्या कप्पीत दर वळणाला साधारण दहा टक्के गेले असं धरा, चांगल्या बॉल बेअरिंगच्या कप्पीत पाचच्या आत-बाहेर.

चारपट जोडणी घ्या, ओढायचा दोर स्थिर कप्पीतून येणारा, म्हणजे चार वळणं. तुम्ही १० किलोनं ओढलं. पहिल्या वळणानंतर दोरात ९ उरले, दुसऱ्यानंतर ८.१, मग ७.३, मग ६.६. भारावर पोचलेली बेरीज झाली ३१ किलो. कागदावर ४०, हातात ३१. बॉल बेअरिंगवर हाच हिशेब ३५ च्या वर जातो.

हे पुढं वाढवत नेलं की गंमत दिसते. दहा टक्के घर्षणाच्या कप्प्यांवर सहापट जोडणी प्रत्यक्षात ४.२ पट देते आणि आठपट जोडणी ५.१. चारवरून आठवर गेलात, दोर दुप्पट झाला, कप्प्या दुप्पट झाल्या आणि हाती लागली जेमतेम दोन पट. प्रत्येक नवी कप्पी आधीच्या सगळ्यांनी खाऊन उरलेल्या ताणावर काम करते, म्हणून तिची कमाई कमी कमी होत जाते.

माझं मत स्पष्ट आहे. साध्या कप्प्या वाढवण्यापेक्षा आहेत त्या चांगल्या घ्याव्यात आणि गोड्या पाण्यानं धुऊन मीठ साठू देऊ नये.

शिडांच्या जमान्यात हा प्रश्न केवढा मोठा होता याचा अंदाज एका गोष्टीवरून येईल. दोनशे वर्षांपूर्वी ब्रिटिश नौदलाच्या ७४ तोफांच्या एका जहाजाला सुमारे हजार कप्प्या लागत. त्या हातानं घडवणं परवडेना, म्हणून मार्क ब्रुनेलनं आखलेली आणि हेन्री मॉडस्लीनं बनवलेली यंत्रं पोर्टस्मथला बसली. १८०८ पर्यंत तिथं वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या निघू लागल्या. यंत्रांनी एकसारख्या वस्तू मोठ्या संख्येनं काढण्याची जगातली ही अगदी सुरुवातीची उदाहरणं, आणि तिथं बनत होती ती आपल्या विहिरीवर असते तीच वस्तू.

जोडणीला जोडणी लावली तर?

आठपट हवेच असतील तर दुसरा रस्ता आहे. एका दोनपट जोडणीच्या ओढायच्या टोकाला दुसरी दोनपट जोडणी बांधा, तिच्या टोकाला तिसरी. इथं पटींचा गुणाकार होतो: दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. आणि यासाठी फक्त तीन चल कप्प्या पुरतात.

दहा टक्क्यांच्याच कप्प्या धरल्या तर प्रत्येक टप्पा १.९ पट देतो, तिन्ही मिळून ६.८ च्या वर. शेवटी दिशा बदलायला एक स्थिर कप्पी घातली तरी सहाच्या वर. एका दोराच्या आठपट जोडणीनं ५.१ दिले होते, ते आठवा. कमी कप्प्या, कमी वळणं, जास्त फायदा.

मग सगळीकडे हेच का नाही लावत? जागेमुळे. भार एक मीटर हलायचा तर दुसऱ्या टप्प्याची कप्पी दोन मीटर सरकते आणि तिसऱ्या टप्प्याची चार मीटर. कप्प्या एकमेकींना भिडल्या की ओढ संपली. म्हणून जिथं थोडंसंच, पण फार जोरानं ओढायचं असतं तिथं ही रचना शोभते. उदाहरणार्थ बूम, म्हणजे मोठ्या शिडाचा खालचा दांडा, वर उचलला जाऊ नये म्हणून खाली ताणून धरणारा दोर. त्याला हातभर सरकणं पुरतं.

शीटसाठी दोन्हींचा मेळ घालतात. मुख्य जोडणी सहापट, आणि तिचं मेलेलं टोक पक्कं न बांधता एका छोट्या चारपट जोडणीला अडकवलेलं. शीड भराभर आत घ्यायचं तेव्हा सहापटीचा दोर ओढायचा. शेवटची बोटभर कसर काढायची, तेही भर वाऱ्यात, तेव्हा छोटी जोडणी ओढायची. तिथं चोवीसपट मिळते. रोजच्या वापरात मला याहून शहाणी रचना ठाऊक नाही.

"जास्त पट असली तर नुकसान काय?"

वेळ आणि दोर यांबद्दल वर आलंच आहे. तिसरं नुकसान सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. दोर ओढताना घर्षण तुमच्या विरुद्ध असतं, पण सोडताना ते तुमच्या बाजूनं असतं. तुम्ही दोर सैल सोडला तरी घर्षण शिडाला धरून ठेवतं.

जोराच्या वाऱ्यात हे बरंच, हातावरचा भार हलका होतो. पण सकाळचा मंद वारा असेल, चार-पाच नॉटचा, तेव्हा शिडावर ओढाच मुळी थोडा असतो. सहा-आठ वळणं पार करून दोर बाहेर खेचायला तो पुरत नाही. शीड बाहेर जायला हवं आणि ते मधेच अडकून बसतं. म्हणून हलक्या वाऱ्यात काही जण जोडणीतली एक फेरी काढून टाकतात. सहापटीची चारपट करतात आणि वारा वाढला की पुन्हा घालतात.

खुंटीवर किती भार येतो हे कोण विचारतं?

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते हे, आणि हे नौकेपेक्षा आपल्या शिवारात जास्त लागू पडतं.

विहिरीवरची घागर १५ किलोची, हातातला ओढा १५ किलोचा. मग तुळईवर किती? दोन्ही दोर खालीच ओढतात, म्हणून ३०. स्थिर कप्पी दोर पूर्ण उलटा वळवते तेव्हा तिच्या हुकावर दोरातल्या ताणाच्या दुप्पट भार येतो. काटकोनात वळवला तर सुमारे १.४ पट. दोर नुसता थोडासा, ३० अंशांनी वळला तर जवळपास निम्मा.

नौकेवर डेकच्या कडेला एक कप्पी असते. पुढच्या शिडाची शीट तिच्यातून मागं वळून विंचकडे, म्हणजे दोर ओढायच्या ढोलाकडे, येते. दोरात ३३६ किलो असतील आणि दोर जवळजवळ पूर्ण उलटा वळत असेल, तर त्या कप्पीवर, तिच्या बोल्टवर आणि बोल्टखालच्या फळीवर साडेसहाशे किलोंहून जास्त भार येतो. दोराची ताकद बघून कप्पी निवडणारा इथं निम्मीच कप्पी विकत घेतो. अशी कप्पी सुटली तर ताणलेल्या दोराच्या कोनात उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते. म्हणून भार असताना त्या कोनात उभं राहू नये, असं नवख्या खलाशाला पहिल्यांदा शिकवतात.

आता शेतात या. बोअरमधली मोटर काढायची आहे. पाईप, केबल आणि मोटर मिळून समजा २०० किलो. तिपाई उभी केली, वर एक कप्पी टांगली, दोर खाली आणून तिपाईच्या पायाजवळच्या दुसऱ्या कप्पीतून ट्रॅक्टरला बांधला. तिपाईच्या माथ्यावर २०० किलो आले असं सगळे धरून चालतात. आले ४०० च्या घरात. पाईप कुठं अडकला आणि ट्रॅक्टरवाल्यानं जोर दिला तर किती, याला मर्यादाच नाही, कारण ट्रॅक्टरला कळत नाही. पायाजवळच्या कप्पीवरही काटकोनातला भार येतो आणि तो तिपाईचा पाय ओढून घेतो.

हाच भार चल कप्पी घालून दोनपट केला, दोराचं एक टोक माथ्यालाच बांधलं, तर दोरात फक्त १०० किलो राहतात आणि माथ्यावर तीन दोरांचे मिळून ३००. म्हणजे एका कप्पीनं ट्रॅक्टरवरचा भार निम्मा केलाच, शिवाय तिपाईवरचा भारही पाऊण हिश्श्यावर आणला.

डोलकाठीचं गणित हुबेहूब हेच आहे. हॅलियार्डला ६०० किलोचा ताण असेल आणि दोर डोलकाठीच्या टोकावरून सरळ खाली येत असेल, तर काठी १२०० किलोनं खाली दाबली जाते. शिडाच्या टोकाला एक चल कप्पी लावून हॅलियार्ड दोनपट केला की दाब ९०० वर येतो. दोर दुप्पट लांब लागतो, पण तो निम्म्या ताकदीचा चालतो. मोठ्या शिडांच्या नौकांवर दोनपट हॅलियार्ड दिसतात त्याचं एक कारण हे आहे. हातावरचा भार हलका करणं हे दुसरं.

"विंच आहे की, मग कप्प्या कशाला?"

विंच म्हणजे उभा ढोल. दोराचे तीन-चार वेढे त्यावर घ्यायचे आणि वरून दांडा फिरवायचा. वेढ्यांच्या घर्षणानं दोर पकडला जातो आणि दांडा ढोलाच्या त्रिज्येपेक्षा लांब असल्यानं जोर वाढतो. दांडा २५ सेंटिमीटर आणि ढोलाची त्रिज्या ४ सेंटिमीटर असेल तर सव्वासहापट. आत दातेरी चाकांची आणखी सव्वासहापट असेल तर एकूण चाळीसच्या जवळ. २० किलोच्या हातानं ३३६ किलोचं शीड ओढायचं तर १७ पट लागते. विंच ते घर्षणासकट सहज करतो. मोठ्या नौका दोघींच्या हातात चालतात त्या मुख्यतः या यंत्रामुळे.

पण विंच महाग, जड, आणि त्याचा दोर झटक्यात सोडायला हात सवयीचा लागतो. कप्प्यांची शीट क्लीटमधून, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या चापातून, उचलली की सुटली. लहान नौकेत, जिथं वाऱ्याचा झोत आला की त्याच क्षणी शीड सोडावं लागतं, तिथं कप्प्याच बऱ्या. मोठ्या नौकेत दोन्ही असतात आणि पटींचा गुणाकार होतो: दोनपट हॅलियार्ड चाळीसपट विंचवर घेतला की कागदावर ऐंशी.

एक हिशेब शेवटपर्यंत करून बघू

छोटी नौका धरू, तीन मीटरचा बूम. ठरलेल्या वाऱ्यात बूमच्या टोकाला बांधलेल्या शीटवर १२० किलोचा भार येतो असं मानू. कप्प्या बॉल बेअरिंगच्या, दर वळणाला पाच टक्के.

चारपट जोडणी प्रत्यक्षात ३.५ देते, म्हणजे हातात ३४ किलो. थोडा वेळ चालेल, तासभर नाही. सहापट जोडणी पाच देते, म्हणजे २४ किलो. हे जमण्यासारखं आहे.

पण शीट बूमच्या टोकाला न बांधता दोन मीटरवर बांधली तर? बूम डोलकाठीपाशी फिरणारा तरफदांडा आहे. बांधायची जागा डोलकाठीच्या जवळ आली की भार वाढतो: १२० गुणिले ३ भागिले २, म्हणजे १८० किलो. आता सहापटीवर हातात ३६ किलो येतात आणि आठपटीवर २८. माणसांना बसायला मोकळी जागा मिळावी म्हणून शीट पुढं आणतात, तिची किंमत ही.

आपण टोकालाच बांधू आणि सहापट घेऊ. दोर किती आणायचा? बूम पूर्ण बाहेर, काटकोनात गेला की त्याचं टोक मागच्या मधल्या कप्पीपासून सुमारे सव्वाचार मीटर लांब जातं. सहा दोर गुणिले सव्वाचार, साडेपंचवीस मीटर. हातात धरायला आणि टोकाच्या गाठीला दोन-अडीच मीटर. २८ मीटर घ्या. आखूड पडला तर बूम पूर्ण बाहेर जाणार नाही आणि ते नेमकं मागून वारा असतानाच कळेल.

दोराची जाडी मात्र भारावरून ठरत नाही. सहा दोरांत वाटल्यावर प्रत्येकावर २०-२५ किलो येतात, ते पाच मिलिमीटरचा चांगला दोरही लीलया पेलेल. शिवाय बारीक दोर कप्प्यांतून हलका धावतो. पण २४ किलोनं पाच मिलिमीटरचा ओला दोर तासभर ओढून बघा, तळव्याला चरे पडतात. म्हणून कप्पीच्या खाचेत बसेल असा, हाताला पुरेल असा आठ किंवा दहा मिलिमीटरचा घ्यावा.